एका ओठाचा पाना

आमच्या गॅरेजात एक नियम होता: आधी बोल्ट, मग पाना. गाडी समोर उभी नसताना तिच्यासाठी हत्यार घडवायचं नाही. बाबांनी हा नियम आयुष्यात एकदाच मोडला. ही त्या एका वेळेची गोष्ट.

बाबांना सगळे खामफान मिस्त्री म्हणत. बाजारातला पाना जिथे पोचत नाही अशा आडजागेच्या बोल्टासाठी ते स्वतः पाना घडवायचे. मोडीत निघालेल्या ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा कापायचा, कोळशाच्या भट्टीत लाल करायचा, ऐरणीवर वाकवायचा, कानशीनं तोंड घासायचं आणि तेलात विझवायचा. मग त्या गाडीच्या आरशाला बांधलेल्या रंगीत फितीतून एक चिंधी मागून घ्यायची आणि पान्याच्या मानेला बांधायची. प्रत्येक गाडीला तिची माय असते, तिला राखणारी. तिच्या अंगाला लागायचं तर तिची खूण हत्यारावर हवी, असं बाबांचं म्हणणं. त्यामुळे आमची भिंत एखाद्या जत्रेसारखी दिसायची. गुलाबी चिंधीचा पाना शाळेच्या बसचा, हिरव्या चिंधीचा बर्फवाल्याचा, पिवळ्या चिंधीचा विहाराच्या पाण्याच्या टँकरचा. गुरुपूजेच्या गुरुवारी आम्ही ही सगळी हत्यारं धुऊन, फुलं वाहून चटईवर मांडायचो, आणि चुकूनसुद्धा कुणी त्यांना ओलांडायचं नाही.

त्या भिंतीवर एक पाना बिनचिंधीचा होता.

बाबांच्या शेवटच्या उन्हाळ्यातली गोष्ट. खोकल्यानं ते अंथरुणाला खिळलेले. अशात एका दुपारी भात्याचा आवाज आला म्हणून मी मागे गेले, तर ते भट्टीसमोर उभे. अंगणात एकही गाडी नव्हती. ते लोखंड तापवत होते, वाकवत होते, मधेच थांबून समोर बघत होते आणि पुन्हा वाकवत होते. पान्याला दोन बाक काढले. मग तोंडाचा एक ओठ त्यांनी घासून घासून जवळजवळ नाहीसाच केला. असा पाना एकाच दिशेला पकड घेतो, उलट फिरवला की निसटतो. मी विचारलं, कुठल्या गाडीचा? म्हणाले, "येईल." पुन्हा विचारलं तर पाणी मागितलं. भाताची रोपं लावायच्या आधीच ते गेले.

मग गॅरेज माझ्याकडे आलं आणि तो पाना थट्टेचा विषय झाला. माझा धाकटा भाऊ थाविन आलेल्या प्रत्येक गाडीला तो लावून बघायचा आणि जाहीर करायचा, "नकार." समोर कच्च्या पपईचं तिखट कुटून विकणारी पिकुनमावशी विचारायची, "काय गं लामदुआन, जमलं का तुमच्या ओठतुटक्याचं कुठे? का मीच लग्न करून घेऊ त्याच्याशी?" तिच्या खलाच्या ठोक्यांबरोबर तिचं हसणं रस्त्याच्या पलीकडे ऐकू यायचं.

बाबांची जुनी पिकअप थाविननं घेतली. मागे दोन बाकं टाकून तो गावची माणसं बाजाराला नेई-आणी. तिचं इंजिन थकलं तेव्हा तो बंदरावर गेला. तिथे समुद्रापलीकडून आलेली जुनी इंजिनं ढिगानं मिळतात. त्यातलं एक निवडून त्यानं आणलं आणि आम्ही दोघांनी मिळून ते बसवलं. आई फुलांचा हार घेऊन आली, आरशाला बांधला, उदबत्ती लावली, केळी आणि चिकट भात ठेवला आणि गाडीमायला सांगितलं की नवं हृदय घातलंय, सांभाळून घे. सगळं रीतीनं झालं. निदान तेव्हा तसंच वाटलं.

ती गाडी तेव्हापासून चांगली चालत होती. जरा जास्तच चांगली. आमच्याकडच्या उन्हात दुपारची बाजारपेठ करून आलेल्या गाडीच्या बॉनेटवर अंडं तळावं, पण या गाडीचं बॉनेट गार असायचं. उघडून इंजिनावर हात ठेवला तर ते जिवंत माणसाच्या कपाळाएवढं गरम, त्याहून जास्त नाही. उष्णतेचा काटा जागचा हलत नसे. थाविन खूश होता. म्हणायचा, "थंड देशातलं आहे ताई, त्याला घाम येत नाही." मी हसायची, पण हात काढल्यावर तळवा उगाच लुगड्याला पुसायची. आणखी एक होतं. आरशाचा हार सकाळी ताजा बांधला की दुपारपर्यंत करपून जायचा आणि मोगऱ्याचा वास मात्र बॉनेटखालून यायचा. मागच्या बाकावर बसणाऱ्या बायका सांगायच्या की डुलकी लागली की एकसारखंच स्वप्न पडतं: पांढरी जमीन, काळं पाणी, आणि कुणीतरी काचेवर आतून थापा मारतंय.

अशात विहाराचं बोलावणं आलं.

डोंगरावरच्या विहारात दर वर्षी भन्ते इन्ता गाऊन प्रवचन सांगतात. मी आईच्या मांडीवर होते तेव्हापासून ते ऐकत आले आहे. त्यांचा सूर वर चढला की वाटतं, आपल्यातलं जे काही मळलंय ते कुणीतरी मायेनं उचलून धुतंय. आणि तो खाली उतरतो तेव्हा चटईवर बसलेल्या सगळ्या म्हाताऱ्या एकदम श्वास सोडतात, जणू एकच छाती आहे. या वर्षी भन्तेंनी निरोप पाठवला होता की गळा आता साथ देत नाही, हे शेवटचं. बाबा गेल्यापासून आई तिकडे गेली नव्हती. गुडघे चढू देत नव्हते. निरोप ऐकल्यापासून ती पांढरं लुगडं धुऊन, घडी करून उशाशी ठेवायला लागली. बाबांच्या नावानं पुण्य वाटायचं पाणी सोडायचं ते भन्तेंच्या सुरावरच, हा तिचा एकच धोशा. थाविननं तिला आणि गल्लीतल्या साऱ्या म्हाताऱ्यांना गाडीतून न्यायचं कबूल केलं. चढण ठीक आहे. उतरण मात्र अशी की एका वळणाला आम्ही म्हशीची मान म्हणतो, आणि तिथे एका बाजूला कडा तुटलेला आहे. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी सकाळी मी गाडी तपासायला घेतली. माझी आई तीत बसणार होती.

तेल ठीक, पट्टे ठीक, ब्रेक ठीक. शेवटी हातातला आरसा आणि विजेरी घेऊन इंजिनाच्या पाठीमागे, जिथे ते गाडीच्या पत्र्याला जवळजवळ चिकटलेलं आहे, तिथे डोकावले. तिथे पाण्याच्या पोकळीवर तळहाताएवढं झाकण होतं, त्याच्या मधोमध एकच बोल्ट. झाकणाच्या कडेनं मिठाची बारीक पांढरी रेघ उतरली होती.

आमच्या गावच्या जमिनीतच मीठ आहे. लोक माती उकळून मीठ काढतात आणि रेडिएटरमध्ये विहिरीचं पाणी गेलं तर पांढरी रेघ उठते. तरी मला ती आवडली नाही. मी एकेक पाना लावून बघितला. कुठलाच पोचेना. मधे एक जाड नळी, मागे पत्रा, खाली दांडा. त्या जागेत हात घालायचा तर तो मनगटात एकदा आणि कोपरात एकदा असा वळवायला लागला असता, की तसा हात कुणाला नसतो.

मग भिंतीकडे गेले आणि बिनचिंधीचा पाना काढला.

तो आत गेला तेव्हा आवाजही झाला नाही. बाबांचे बाकीचे पाने बोल्टावर बसताना टक् करतात. हा अंधारात वाट माहीत असल्यासारखा नळीच्या आडून वळला, पत्र्याला न शिवता खाली उतरला आणि बोल्टाला धरून बसला. घासलेला ओठ नेमका नळीच्या बाजूला आला. तो पूर्ण असता तर पाना आत शिरलाच नसता.

हे इंजिन अशा गाडीत बसवलेलं जगात एकाच ठिकाणी होतं: माझ्यासमोर. आणि बाबांनी पाना वाकवला तेव्हा ते समुद्रापलीकडे होतं.

मी थाविनला हाक मारली. तो तोंडातला घास चावत आला, वाकून बघितलं आणि चावायचा थांबला. मग नेहमीसारखं म्हणाला, "अरे वा, जमलं एकदाचं." पण आवाज नेहमीचा नव्हता. मी सांगितलं की मी हे झाकण उघडणार आहे. त्यानं माझा हात धरला. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. झाकण उघडलं की पॅकिंग फाटणार, तसं पॅकिंग इथे मिळणार नाही, गाडी उद्या उभी राहणार, आणि एवढ्या म्हाताऱ्या पांढरी लुगडी नेसून दारात येऊन बसणार. शिवाय बोल्ट घट्ट आहे, काहीच बिघडलेलं नाही. "बाबांनी कशासाठी केला ते तुला माहीत आहे का? कदाचित आवळण्यासाठी असेल. एक आटा आवळ आणि सोड."

"आवळता येत नाही," मी म्हटलं. "ओठ बघ. हा फक्त सोडवू शकतो."

त्यानं बोटानं तो ओठ चाचपला. मग हळूच म्हणाला, "ताई, आईला काय सांगणार?"

मी पाना काढला आणि आईकडे घेऊन गेले. ती ओसरीवर केळीच्या पानाचे द्रोण करत होती, उद्याच्या फुलांसाठी. मी सगळं सांगितलं. ती पान्याकडे बघत राहिली आणि मग तिनं आपला हात लांब करून हवेत धरला, मनगट आत, कोपर बाहेर. तो पाना त्या हाताशेजारी धरला तर एकाच साच्यातले दोन वाटले असते.

"ते म्हणाले होते," आई बोलली, "भट्टीपलीकडे एक बाई उभी राहते. ओलीचिंब. काही बोलत नाही, नुसता उजवा हात असा धरते. म्हणाले, तिचा हात असा अडकलाय, सरळ होत नाही, तो बघून बघून वाकवतोय. मी म्हटलं, ताप चढलाय. म्हातारपणी कुठली बाई आणली घरात, म्हणून दोन दिवस बोलले नाही मी त्यांच्याशी." ती जरा हसली आणि डोळे पुसले. "मग बोलायचं राहूनच गेलं."

मी विचारलं, उघडू का? उद्याचं प्रवचन चुकेल.

आईनं हातातला द्रोण पुरा केला, खाली ठेवला. म्हणाली, "कुणी दार ठोठावत असेल आणि मी गाणं ऐकायला जाऊ, तर भन्ते मला काय म्हणतील? उघड."

उघडण्याआधी मी रेडिएटर रिकामा केला. विहिरीचं गढूळ, कोमट पाणी खालून वाहून गेलं, शेवटचा थेंब पडेपर्यंत थांबले. म्हणजे आत पाणी उरायचं कारण नव्हतं. थाविननं नको म्हणत म्हणत खाली बादली धरली. मी पाना बसवला आणि ओढला.

बोल्ट लगेच सुटला. झाकणाच्या फटीतून पाणी आलं. स्वच्छ, आणि इतकं गार की थाविननं हात झटकला. बादली भरली, त्यानं दुसरी लावली. ती भरली, मग तेलाचा डबा, मग आईची कपडे धुवायची घमेली. एवढं पाणी त्या इंजिनात मावतच नाही. पिकुनमावशीचा खल थांबला होता. ती रस्ता ओलांडून आली आणि तिनं आपलं पपई धुवायचं पातेलं खाली सरकवलं. तेही भरलं. मग एक उसासा टाकावा तसा आवाज आला आणि पाणी थांबलं.

मी बोट बुडवून जिभेला लावलं. खारट. आमच्या विहिरीचं पाणीही खारट असतं, पण त्याला मातीची चव असते. याला नव्हती. मी समुद्र पाहिलेला नाही. थाविननं चाखलं आणि पुन्हा बोट बुडवलं. म्हणाला, "बंदरावरच्या वाऱ्याला ही चव होती."

झाकण हातात घेतलं तर आतून मिठानं खाऊन ते अंड्याच्या टरफलाएवढं उरलं होतं. मी अंगठा दाबला तर आरपार गेला. पाणी आत कुठेतरी वेगळंच कोंडलं होतं, म्हणून काटा हलत नव्हता. चढणीवर झाकण टिकलं असतं. उतरणीला ते फुटून पाणी गेलं असतं, इंजिन गरम होऊन जाम झालं असतं, आणि ते बंद पडलं की या गाडीचे ब्रेक दगडासारखे घट्ट होतात, दाबले जात नाहीत. म्हशीच्या मानेवर. आईसकट.

थाविनला हे समजावून सांगावं लागलं नाही. त्यानं ते झाकण घेतलं, उन्हात धरलं, आणि त्यातून आलेला उजेड त्याच्या चेहऱ्यावर ठिपक्याठिपक्यांनी पडला. "आपण हार आरशाला बांधला," तो म्हणाला. "इंजिन ज्या गाडीतून आलं, तिलाही कुणी होतंच की. तिला कुणी साधं बस म्हटलं नाही."

आम्हाला कुणालाच ते सुचलं नव्हतं. नवं हृदय घातलं म्हणून आम्ही एका गाडीमायला सांगितलं, आणि त्या हृदयाबरोबर, बायकांच्या स्वप्नातल्या काळ्या पाण्यातून, दुसरी कुणी ओलेत्यानं आली, ती इतके दिवस आमच्या दारात उपाशी उभी होती. आणि उभी राहून काय केलं, तर माझ्या आईची मरणाकडची वाट अडवली.

प्रवचन चुकलं नाही. पिकुनमावशीच्या दिरानं शेतातली माल वाहायची गाडी काढली, ती बैलाहून जरा जोरात धावते एवढंच. म्हाताऱ्या तीत दाटीवाटीनं बसल्या, रस्ताभर थाविनच्या गाडीला नावं ठेवत. एक म्हणाली की हिच्या धक्क्यानं माझे उरलेले दात मोजून घ्या. आम्ही पोचलो तेव्हा प्रवचन अर्धं झालं होतं. भन्ते गात होते. आवाज चिरत होता, मधेच विझत होता, पण प्रत्येक वेळी ते तो पुन्हा उचलत, राखेतून निखारा उचलावा तसा. ते गाऊन सांगत होते की पुण्य वाटताना ज्यांची नावं ठाऊक आहेत त्यांना द्याल, पण ज्यांचं नाव घ्यायला जगात कुणी उरलं नाही, ते दाराबाहेर ओंजळ धरून उभे असतात, त्यांच्या ओंजळीत काय? मी अनेक वर्षं हे ऐकत आले. त्या दिवशी माझ्या अंगावर काटा आला तो भीतीचा की भक्तीचा, मला अजून सांगता येत नाही.

पाणी सोडायची वेळ झाली. आईनं भांड्यातून बारीक धार धरली, पुण्यात माझाही वाटा म्हणून मी तिच्या कोपराला बोट लावलं. तिनं बाबांचं नाव घेतलं. मग थांबली. म्हणाली, "आणि जिनं हात दाखवला, तिला." पाणी झाडाच्या मुळाशी ओतलं तेव्हा आमच्या गाडीत यायचा तोच मोगऱ्याचा वास एकदा येऊन गेला. तिथे मोगरा नव्हता.

घरी आल्यावर मी जाड पत्र्यातून नवं झाकण कापलं, रबरी पट्ट्यातून पॅकिंग काढलं. थाविननं दोन हार आणले. एक आरशाला बांधला, दुसरा बॉनेट उघडून इंजिनाच्या कानाला, ते उचलायच्या कडीला. हात जोडून तो म्हणाला, "बाई, घर तुमचंच समजा, फक्त गाडी चालवायला मला द्या." तेव्हापासून इंजिन इतर इंजिनांसारखं तापतं आणि आरशाचा हार संध्याकाळपर्यंत टवटवीत राहतो.

पण त्याआधी नवं झाकण आवळायचं होतं, ते कशानं? बाबांचा पाना फक्त सोडवणारा. आवळायचं तर दुसरा ओठ घासायला हवा, आणि मग नळी आड येते, म्हणून मानही उलट बाजूनं वळवायला हवी. आरशात दिसावा तसा दुसरा पाना. मी मोजमाप घेऊ पाहिलं. बाबांचा पाना उलटा करून जमिनीवर आखला, तार वाकवून आत घालून बघितली. तार दर वेळी थोडी चुकायची. कुठे, ते कळत नव्हतं.

ऊन उतरायच्या वेळेला मी भट्टी पेटवली. थाविन गाडीच्या आरशाला नव्या फिती आणायला बाजारात गेला होता, त्यांतल्या चिंध्या दोन पान्यांना बांधायला. आई ओसरीवर भन्तेंचाच सूर हळू गुणगुणत होती. लोखंड लाल झालं. सांडशीनं धरून ते ऐरणीवर ठेवलं आणि मला जाणवलं की भट्टीपलीकडे ऊन पडायला हवं तिथे पडत नाहीये. गार वारा आला. खारट.

मी मान वर केली नाही. फक्त खालून, ऐरणीच्या कडेवरून, जेवढं दिसतं तेवढं पाहिलं. उजवा हात आता सरळ, मोकळा, कडेला सोडलेला होता. डावा पुढे आला. मनगट आत, कोपर बाहेर.

"धरून ठेवा, बाई," मी म्हटलं. "वेळ लागेल."

मी घण उचलला. पहिला घाव घातला, दुसरा घातला, हाताकडे बघितलं, पुन्हा घातला. तापलेल्या लोखंडावर मधूनमधून एखादा थेंब पडायचा आणि चरचरायचा. ओसरीवर आईचं गुणगुणणं थांबलं होतं. मग ते पुन्हा सुरू झालं, आधीपेक्षा मोठ्यानं, दोघींना ऐकू जावं इतकं.